मॅडमचा रकाना

विषाणूची वंशावळ वाचायला मला मॅडमनी शिकवलं. त्याआधी विषाणू म्हणजे माझ्या लेखी नुसतं रोगाचं नाव होतं. लाळ्या-खुरकुताचा एक, देवीचा एक, पिसाळण्याचा एक. प्रत्येकाची लक्षणं पाठ, लस पाठ. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणासाठी मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, तेव्हा मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "लाळ्या-खुरकुताचा विषाणू येतो कुठून?" कुणी म्हणालं बाजारातून, कुणी म्हणालं शेजारच्या गोठ्यातून. "तो त्याचा गाव झाला," त्या म्हणाल्या. "मी आई-बाप विचारतेय."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. स्वतःविषयी छापून आलेलं त्यांना कधीच रुचलं नाही, आणि त्यांच्या माघारी मी त्यांची ती रीत मोडणार नाही. पण आज माझ्या कामात जे काही बरं आहे त्याचा धागा मागे नेला, तर तो त्या तासापाशी जातो. हे ऋण मला नीट मांडून ठेवायचं आहे. आणि ते मांडायचं तर आधी त्यांनी काय शिकवलं तेच सांगावं लागेल. त्यांना स्वतःचं कौतुक नको असायचं, विषय मात्र नेमका सांगितलेला लागायचा.

एका पेशीत दोन जवळचे विषाणू एकाच वेळी शिरले, तर बाहेर पडणारी संतती दोघांची मिळून असू शकते. याला पुनर्संयोजन म्हणतात. १९८२ साली इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या प्रयोगशाळेत किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे दोन वाण एकत्र वाढवले आणि संततीच्या आरएनएमध्ये दोघांचे तुकडे एकसंध जोडलेले आहेत हे पुराव्यानिशी दाखवलं. आरएनएची नक्कल करणारं विकर एका साच्यावरून चालत असतं. मध्येच ते तो साचा सोडून शेजारच्या साच्यावर जातं आणि पुढची नक्कल तिथून चालू ठेवतं. गोठ्यातून आलेल्या विषाणूंमध्येही पुढे हेच दिसत गेलं. बाहेरचं कवच एका वंशाचं आणि आतली यंत्रणा दुसऱ्या वंशाची, असे लाळ्या-खुरकुताचे विषाणू जगात सर्रास सापडतात. आपण लस जुळवतो ती कवच पाहून. आपल्याकडच्या लसीतले ओ, ए आणि आशिया-१ हे प्रकार कवचावरूनच ठरलेले आहेत. लसीपुरतं ते बरोबरच आहे. वंशासाठी मात्र ते अपुरं पडतं. मॅडमचा नियम यातूनच आलेला होता : एका जनुकावरून कुणाचा वंश ठरवायचा नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता तास बीव्हीडीचा असे. गायींच्या विषाणूजन्य अतिसाराचा हा विषाणू. गाय गाभण असताना पहिल्या काही महिन्यांत त्याचा सौम्य वाण पोटातल्या गर्भाला लागला, तर वासराचं शरीर त्याला आपलाच समजतं. वासरू जन्मतं, कधी धडधाकट दिसतं, आणि जन्मभर तो विषाणू अंगावर वागवतं. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतच नाहीत. मग एखाद दिवशी त्याच वासराच्या तोंडात, आतड्यात व्रण पडतात, रक्ताची हगवण लागते आणि ते दगावतं. बाहेरून काहीही नवीन आलेलं नसताना हे कसं होतं, याचं एक उत्तर १९८९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दिलं. मायर्स, र्‍युमेनाफ आणि थील ही त्यातली नावं मॅडमनी फळ्यावर लिहिली होती. घातक झालेल्या विषाणूच्या जनुकक्रमात त्यांना एक परका तुकडा सापडला. तो होता युबिक्विटिनचा, म्हणजे गाईच्या स्वतःच्या पेशीतल्या एका प्रथिनाचा. विषाणूने यजमानाच्याच जनुकाचा तुकडा आपल्यात ओवून घेतला होता. त्यामुळे त्याच्या एका मोठ्या प्रथिनाची चिरफाड वेगळ्या जागी होऊ लागली आणि जो विषाणू पेशीला न मारता राहत होता तो पेशी मारू लागला.

हे सांगताना मॅडम थांबल्या होत्या, ते मला आठवतं. आम्ही वर्गात मोजकेच होतो. त्या म्हणाल्या, "गाईचं अंग हीच विषाणूची प्रयोगशाळा आहे. आपण तिथे पाहुणे." मग त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि नमुना पाठवण्याचा फॉर्म आपल्या हाताने तयार करायला लावला. कुठल्या प्रयोगशाळेचा छापील फॉर्म चालणार नाही, स्वतः विचार करून रकाने आखा, असं बजावलं. आम्ही गाव, तालुका, मालक, जनावर, वय, लक्षणं, ताप असे रकाने आखले. त्यांनी सगळे कागद गोळा करून वाचले आणि परत दिले. प्रत्येकावर तळाशी लाल शाईने एक रकाना वाढवलेला होता : लस कोणती, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख.

"हा रकाना रिकामा असला तर मी नमुना घेणार नाही," त्या म्हणाल्या. जिवंत लस हाही विषाणूच आहे, दुबळा केलेला. तो ज्या जनावरात गेला त्याच्या विषाणूंच्या इतिहासात त्याचंही नाव यायला हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता. त्या वेळी मला तो थोडा अतिरेकी वाटला. नोकरीत लागल्यावर पाहिलं तर हाच रकाना जिथे तिथे कोरा असायचा.

देवीच्या कुळाकडे आता वळतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिथली आहे. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि गायी-म्हशींचा लम्पी हे तीन विषाणू सख्खे भाऊ. लम्पीच्या विषाणूचा डीएनए सुमारे दीड लाख अक्षरजोड्यांचा, त्यात दीडशेच्या वर जनुकं. तिघांचे जनुकक्रम सुमारे ९७ टक्के जुळतात. मेंढी-शेळीच्या विषाणूंत नऊ जनुकं मोडलेली आहेत, लम्पीत ती शाबूत आहेत. गाईच्या अंगात टिकायला तीच कामी येत असावीत असं मानलं जातं. एवढी जवळीक असल्यामुळेच शेळीच्या देवीची लस गाईला लम्पीपासून वाचवू शकते. आणि एवढी जवळीक असल्यामुळेच हे विषाणू एका पेशीत भेटले तर एकमेकांत मिसळू शकतात. देवीचे विषाणू पेशीच्या केंद्रकात जात नाहीत, पेशीद्रवातच आपला कारखाना मांडतात. दोन विषाणूंचे दोन कारखाने एकमेकांना भिडले की डीएनएची नक्कल करणारं विकरच टोकं कुरतडून एकेरी धागे मोकळे करतं, आणि सारखी अक्षरं सारख्या अक्षरांना चिकटतात. १९८९ मध्येच गर्शन, किचिंग आणि इतरांनी या कुळातला एक नैसर्गिक मिश्र विषाणू दाखवून दिला होता. मॅडमकडे त्या लेखाची झेरॉक्स होती, कडा पिवळ्या पडलेली. मी ती वाचली तेव्हा लम्पी हा आमच्यासाठी परीक्षेत दोन गुणांचा आफ्रिकी रोग होता.

आफ्रिकी म्हणजे १९२९ सालचा उत्तर ऱ्होडेशिया, आजचा झांबिया. गायींच्या अंगावर गाठी आल्या तेव्हा तिथल्या लोकांना आधी विषबाधा वाटली, नंतर कीटकांचा दंश. चाळीसच्या दशकात तो दक्षिण आफ्रिकेत पसरला आणि सुमारे ८० लाख जनावरांना झाला, तेव्हा हा संसर्ग आहे याविषयी शंका उरली नाही. तिथेच नीथलिंग नावाचा वाण वेगळा काढून, अंड्यांत आणि पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला गेला आणि त्याची लस झाली. १९८८ मध्ये रोग इजिप्तमध्ये, पुढच्या वर्षी इस्रायलमध्ये. मग २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस आणि रशिया, २०१६ मध्ये बल्गेरियासह बाल्कन देश. बाल्कन देशांनी नीथलिंगची लस गावोगाव टोचली आणि साथ थांबवली. लसीवर ज्यांना शंका आहे त्यांना मी नेहमी बाल्कनचं उदाहरण देतो, कारण तिथे लस शुद्ध होती, सगळीकडे टोचली गेली आणि रोग गेला.

दुसरी एक लस केनियातल्या वाणापासून निघाली होती. मेंढी-शेळीच्या देवीचा म्हणून तो वाण कित्येक वर्षं वापरात होता. २०१४ मध्ये ईवा टुपुराइनेन आणि सहकाऱ्यांनी त्याची जनुकं तपासली, तेव्हा तो प्रत्यक्षात लम्पीचाच विषाणू निघाला. इतकी वर्षं लेबल एक आणि आत दुसराच.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर मला तालुक्याच्या दवाखान्यात टपालाने एक जाड पाकीट आलं. मॅडमचं अक्षर. निवृत्तीनंतर त्यांचा-माझा संबंध दिवाळीच्या फोनपुरता राहिला होता, म्हणून मी चकित झालो. आत नुकताच प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध होता, छापून घेतलेला, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. रशियाच्या सारातोव्ह प्रांतात, कझाकस्तानच्या सीमेजवळ, २०१७ मध्ये आजारी गुरांत मिळालेला लम्पीचा विषाणू. अलेक्झांडर स्प्रिगिन आणि त्यांच्या गटाने त्याचा पूर्ण जनुकक्रम वाचला होता. एका जागी पीसीआर केला तर तो लसीचा विषाणू वाटे, दुसऱ्या जागी केला तर रानटी वाटे. दोन तपासण्या एकमेकींना खोटं पाडत होत्या. पूर्ण क्रम वाचला तेव्हा कळलं की दोन्ही खऱ्या आहेत. मूळ ठेवण नीथलिंगच्या लसीची, आणि त्यात वीसहून जास्त ठिकाणी केनियाच्या वाणाचे तुकडे. दोन लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली वाकळ असावी तसा तो जनुकक्रम. आणि ही वाकळ दुबळी नव्हती. गाई आजारी पाडत होती.

रशियात तेव्हा नीथलिंगची जिवंत लस वापरतच नव्हते. तिथे मेंढीच्या देवीची लस टोचली जाई. सीमेपलीकडे कझाकस्तानात मात्र केनियात बनलेली लम्पीची लस वापरली गेली होती. मॅडमनी त्या लसीच्या उल्लेखाशेजारी समासात दोन बाण काढले होते. खाली पेन्सिलीने एकच ओळ : "हा आपल्याकडे यायच्या आत वाच. रकाना विसरू नकोस."

मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. एक वयस्क बाई, ज्यांना आता कुणी पगार देत नव्हतं, ज्यांच्यावर कुठलीही जबाबदारी उरली नव्हती, मुंबईतल्या घरात बसून विषाणूंच्या वंशावळी वाचत होत्या आणि खान्देशातल्या एका तालुका दवाखान्यात ते पोचावं म्हणून टपालाच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. असं ऋण परत करायची सोय नसते.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, लम्पी ओडिशात आला. तो विषाणू तपासला गेला तेव्हा तो केनियाच्या जुन्या वाणाच्या जवळचा निघाला. सारातोव्हची वाकळ तो नव्हता. तशा वाकळी निघाल्या वेगळ्या वाटेने. २०१९ मध्ये चीनमध्ये, मग व्हिएतनाम, थायलंड असं करत मिश्र वंशाचे विषाणू पूर्व आणि आग्नेय आशियात पसरले. २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंचा भागात लम्पीची जनावरं दिसली तेव्हा मी मॅडमना फोन केला. त्यांनी लक्षणं विचारली नाहीत. "लस कोणती टोचताहात?" एवढंच विचारलं. शेळीच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे. आजारी जनावराला मात्र टोचू देऊ नकोस. दोघांची एका अंगात गाठ नको." करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. अंत्यदर्शनाला जाता आलं नाही.

२०२२ च्या ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये राज्यातल्या त्या मोठ्या साथीची पहिली नोंद झाली. त्यानंतरचे महिने खान्देशातल्या कुठल्याही पशुवैद्यकाला विसरता येणार नाहीत. राजस्थान आणि गुजरातमधून रोज मेलेल्या गायींची चित्रं येत होती. वर्षअखेरीपर्यंत देशभर दीड लाखाहून अधिक जनावरं दगावली. आमच्या भागात बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. त्या वर्षी पोळ्याला आमच्याकडे बैल वेशीवर एकत्र आले नाहीत. लोकांनी घरच्या घरी खांदे मळले, घरातच पुरणपोळी खाऊ घातली. केळीच्या बागांत पाणी साचलेलं, डास आणि चावणाऱ्या माश्या बेसुमार. जनावराला ताप चढे, मानेखालची पोळी सुजे, पाय सुजून खांबासारखे होत, आणि मग अंगभर गाठी. दूध आटून जाई. गाठी फुटत, जखमेत किडे पडत. वासरं सगळ्यात आधी जात.

सरकारने आधी बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या वर्तुळात आणि नंतर सरसकट सगळ्या गोवंशाला शेळीच्या देवीची लस टोचायला घेतली. एक मिली, कातडीखाली. माझ्या दवाखान्यातले परिचर, ज्यांना सगळा तालुका मामा म्हणतो, बर्फाची पेटी खांद्याला लावून माझ्यापुढे चालत. त्यांचं शिक्षण फारसं झालेलं नाही. पण प्रत्येक रिकाम्या कुपीचं लेबल ते गरम पाण्यात भिजवून सोडवत आणि शाळेच्या वहीत चिकटवत. शेजारी गाव आणि तारीख. मी त्यांना हे कधी सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "साहेब, पुढं कुणी विचारलं तर?" मॅडमना हा माणूस भेटायला हवा होता, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

एका गावात लसीकरण झालं आणि काही दिवसांत तिथल्या एका म्हातारीच्या गाईला लम्पी झाला. गावभर बोललं जाऊ लागलं की लसीनेच लम्पी आला. पुढच्या वस्तीने आम्हाला गोठ्यात पाऊल ठेवू दिलं नाही. मी म्हातारीकडे गेलो. गाय बसलेली, अंगावर गाठी, डोळे पाझरत होते. म्हातारीने मला दोष दिला नाही. मी विचारलं, "माय, ताप कधी आला?" तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. रोजच्या चौकोनात सकाळ-संध्याकाळच्या दुधाचा आकडा, डेअरीला घातलेलं वेगळं. एका चौकोनात नातवाच्या अक्षरात "गाय लस". त्यानंतर तीन दिवस दूध जवळपास तेवढंच, चौथ्या दिवशी एकदम निम्म्यावर. तिथेच तापाची सुरुवात होती.

लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जातात. लस टोचली त्या दिवशी विषाणू गाईच्या अंगात आधीच होता, आणि लसीची प्रतिकारशक्ती यायला तीनेक आठवडे लागतात. दुर्दैवाने रोग पुढे होता आणि लस मागे. पण हे नुसतं तोंडाने म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. म्हातारीचं कॅलेंडर आणि मामांची वही घेऊन मी पारावर बसलो आणि तारखा वाचून दाखवल्या. त्याच कुप्यांतून ज्या शेजारच्या गोठ्यांत टोचलं होतं त्यांची नावं वाचली. तिथली जनावरं उभी होती. दुसऱ्या दिवशी वस्तीने गोठे उघडले.

पारावर एका पोराने, कृषी पदविका झालेल्या, विचारलं, "पण डॉक्टर, लसीतून विषाणू तयार होतच नाही का?" खोटं बोलून चालणार नव्हतं. मी सारातोव्हची गोष्ट सांगितली. होतो, म्हटलं, पण कधी, ते ऐक. एका कुपीत एकच विषाणू असायला हवा तिथे दोन-तीन असतील तर होतो. त्याच वर्षी बेल्जियममधल्या संशोधकांनी केनियातल्या त्या लसीच्या कुप्या उघडून पूर्ण जनुकक्रम वाचले होते, आणि एकाच लसीत नीथलिंगसारखा विषाणू, केनियाच्या वाणासारखा विषाणू, शेळीच्या देवीचा विषाणू आणि त्यांची मिश्रणं अशी सगळी मंडळी त्यांना सापडली होती. म्हणजे गाईच्या अंगात गाठ पडण्याआधी बहुधा लस बनवतानाच ती पडली होती. दोष लस टोचण्यात नव्हता, लस निर्मळ न ठेवण्यात होता. हे सांगताना मला मॅडमची फार आठवण आली. त्यांनी २०१८ मध्ये समासात काढलेले दोन बाण नेमके तिथेच रोखलेले होते, आणि त्यांना ते कळवायला मी चार शब्दांचा फोनही करू शकत नव्हतो.

म्हातारीच्या गाईच्या गाठीची खपली मी त्या दिवशी घेतली. गाईला त्रास होईल म्हणून आधी म्हातारीची परवानगी मागितली. ती म्हणाली, "घ्या भाऊ. हिला आता काय, दुसऱ्याच्या गाईला तरी उपेगी पडू दे." खपली आणि रक्त नेहमीच्या वाटेने, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत पुढे गेलं. फॉर्मच्या तळाशी मी हाताने रेघ मारून तिथे लस, बॅच क्रमांक आणि तारीख लिहिली. तारीख म्हातारीच्या कॅलेंडरची, क्रमांक मामांच्या वहीचा. गाय तिसऱ्या दिवशी गेली. दुभत्या गाईला शासनाने ३० हजार रुपयांची मदत ठरवली होती. ती म्हातारीला मिळाली, पण त्याने गोठा भरत नाही.

जनुकक्रमांच्या जागतिक साठ्यात आज लम्पीचे अनेक भारतीय क्रम आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उत्पल टाटू यांच्या गटाने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या २०२२ च्या साथीचे नमुने वाचले, तेव्हा एकाच साथीत दोन वेगळे वंश फिरत असल्याचं त्यांना दिसलं : एक आपल्याकडे २०१९ पासून असलेल्याच्या जवळचा, दुसरा बदलांनी भरलेला, २०१५ च्या रशियातल्या वाणांच्या जवळचा. दोन वंश एका प्रदेशात, एका हंगामात, कदाचित एका गोठ्यात. मॅडमनी पहिल्या तासाला विचारलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, आणि यापुढे तो दर हंगामात विचारावा लागणार आहे.

अशा प्रत्येक क्रमामागे कुठली तरी गाय आहे आणि आपल्या गाईची खपली काढू देणारं कुणी तरी माणूस आहे. शोधनिबंधात त्यांची नावं येत नाहीत, नियमाप्रमाणे यायचीही नाहीत. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने मिळून लम्पीची जी स्वदेशी लस तयार केली, तिचं बीजही २०१९ मध्ये रांचीत एका आजारी जनावराकडून मिळालेलं आहे. त्या गोठ्याचा मालक कोण, मला माहीत नाही. तोही माझ्या धनकोंपैकी एक आहे. या लसीचं तंत्रज्ञान पुण्यात आलं, तेव्हा मला जो आनंद झाला त्यात काळजीही होती : आता निर्मळ ठेवण्याची जबाबदारी आपली. लस बनवणाऱ्यांनी प्रत्येक बॅचचा पूर्ण जनुकक्रम वाचावा आणि तो खुला करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च येतो. सारातोव्हपासून थायलंडपर्यंतच्या गायींनी जी किंमत दिली, तिच्यापुढे तो काहीच नाही.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांची वही मी मागून घेतली आहे आणि दवाखान्याच्या कपाटात ठेवली आहे. नव्या परिचराला पहिल्या दिवशी मी तीच दाखवणार आहे. आमच्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुला-मुलींकडून मी कोऱ्या कागदावर फॉर्म आखून घेतो, आणि तळाचा रकाना लाल शाईने वाढवतो.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे : नमुना पाठवाल तेव्हा लस कोणती, बॅच क्रमांक काय आणि टोचली कधी, हे लिहिल्याशिवाय डबा बंद करू नका. आणि गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे, लस टोचायला कुणी येईल तेव्हा कुपीवरचा क्रमांक मागून घ्या आणि घरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवा.